दोनच कोअर, लिंक भरली : एका फायबरमधून आठ लेझर नागपूरच्या उन्हात टिकतील का?

बुटीबोरीकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आमचं युनिट बुटीबोरी एमआयडीसीत, ऑफिस नागपुरात बर्डीवर. मध्ये भाड्याने घेतलेलं डार्क फायबर (नुसती काच, उपकरणं आपली), दोन कोअर म्हणजे दोन तंतू, केबलच्या वाटेने मोजलं तर ३४ किलोमीटर. एक कोअर जायला, एक यायला, अशी मिळून १०जीची (सेकंदाला १० गिगाबिट) एक लिंक चालते. दोन्ही टोकांना १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचे, ४० किलोमीटरवाले मॉड्यूल (स्विचमध्ये खोचायचा लेझर आणि रिसीव्हर) आहेत. दिवसा काही तक्रार नाही. रात्री सर्व्हरचा बॅकअप आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग एकदम सुटलं की लिंक भरते, आणि रात्रपाळीच्या स्टोअरकीपरचा फोन येतो की सॉफ्टवेअर नुसतं गोल फिरतंय.

आणखी दोन कोअर मागितले तर त्या केबलमध्ये शिल्लक नाहीत. नवी केबल म्हणजे वर्धा रोडच्या कडेने खोदकाम, सिमेंटचा रस्ता आडवा आला की परवानगी वेगळी, रस्ता पूर्ववत करून द्यायचे पैसे वेगळे. आलेला आकडा इथे लिहीत नाही, बीपी वाढतं.

मग एक विक्रेता सांगून गेला, "मक्स लावा साहेब, याच दोन कोअरवर आठ लिंक चालतील, आठ वेगळ्या तरंगलांबीचे लेझर." मक्स म्हणजे हे सगळे लेझर एका तंतूत जोडणारा डबा, तो दाखवला. रॅकमध्ये एका युनिटची जागा, पुढे भोकंच भोकं, मागे वीज जोडायला काहीच नाही. माझ्या शंका तीन. आठ प्रकाश एकाच काचेत घातले तर मिसळत कसे नाहीत? वीज नसताना हा डबा त्यांना वेगळं कसं करतो? आणि आमची बुटीबोरीची सर्व्हर रूम पत्र्याखाली आहे. एसी बंद पडला की मे महिन्यात आत पाच मिनिटं उभं राहवत नाही. तिथे हे टिकेल?

निवृत्त_ट्रान्समिशन | सोमवार, रात्री १०:२५

पहिल्या दोन शंकांचं सांगतो. तिसरीसाठी फील्डवरची मंडळी येतील.

तुमच्या घरातल्या हवेत आत्ता आकाशवाणी नागपूर, विविध भारती, शेजाऱ्याचं वायफाय आणि मोबाइलचे टॉवर सगळे एकदम हजर आहेत. रेडिओ हवी ती वारंवारता उचलतो, बाकीच्या सोडून देतो. प्रकाश त्याच जातीची लहर. फक्त कंपनं अफाट, १५५० नॅनोमीटरला सेकंदाला साधारण १९३ लाख कोटी. दोन लहरी एकाच जागेतून जाताना क्षणभर एकमेकींवर चढतात आणि पुढे आपापल्या वाटेने निघून जातात. काच त्यांना मिसळवत नाही.

वेगळं करायचं काम फिल्टर करतो. डब्याच्या आत प्रत्येक चॅनेलसाठी, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीसाठी, दीड-दोन मिलिमीटरचा काचेचा तुकडा असतो आणि त्यावर दोन वेगळ्या ऑक्साइडचे आलटून पालटून कित्येक अतिपातळ थर. प्रत्येक थराची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. प्रत्येक थरावरून थोडा प्रकाश परततो. हे परतलेले हिस्से ठराविक तरंगलांबीला असे जुळतात की तेवढाच पट्टा आरपार जातो, बाकीचा सगळा आरशावरून उलटावा तसा उलटतो. पहिल्या तुकड्याने १४७१ सोडलं, उरलेलं दुसऱ्याकडे गेलं, त्याने १४९१ सोडलं, असं शेवटपर्यंत. सगळी कामगिरी थरांच्या जाडीची, वीज लागायचं कारणच नाही. यामुळेच रांगेतल्या शेवटच्या पोर्टचा लॉस, म्हणजे वाटेत खर्ची पडणारा प्रकाश, पहिल्यापेक्षा जास्त असतो. विक्रेत्याकडून पोर्टनिहाय लॉसचा तक्ता मागून घ्या, एकच सरासरी आकडा देऊ देऊ नका.

थोडा इतिहास, सवय आहे म्हणून. १९६६ साली चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडात मांडलं की काचेत प्रकाश मरतो तो मुख्यतः तिच्यातल्या भेसळीमुळे. किलोमीटरला २० डीबी लॉसपर्यंत काच शुद्ध करता आली तर टेलिफोन चालवता येईल. २० डीबी म्हणजे शंभरातला एक हिस्सा उरणं. १९७० मध्ये कॉर्निंगच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ यांनी ते गाठलं. आज १५५० ला किलोमीटरला सुमारे ०.२ डीबी जातो. म्हणजे तेव्हा एका किलोमीटरात जेवढा प्रकाश खर्ची पडायचा, तेवढा खर्चायला आता शंभर किलोमीटर लागतात. काओंना नोबेल मिळालं ते २००९ मध्ये. मोग्यात जन्मलेले आपले नरिंदरसिंग कपानी यांनी काओंच्या त्या मांडणीच्याही आधी तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं होतं. त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं २०२१ ला, मरणोत्तर.

सक्करदरा_केबल | सोमवार, रात्री ११:०५

भाऊ, हे तर तुमच्या घरीच चालू आहे नं! येवढं कोड्यात काऊन पडून राहिले?

घरी फायबर असन तर राउटरच्या मागची बारकी पिवळी नाहीतर पांढरी वायर पाहा. कोअर एकच आहे. तेच्यातून नेट खाली येते १४९० वर, तुमचं वर जाते १३१० वर, आणि आमच्यासारख्याचं टीव्हीचं कनेक्शन असन तर चॅनेल येतात १५५० वर. तीन लेझर, एक काच. ओएनयूच्या, म्हणजे घरातल्या फायबरच्या डब्याच्या, आत बोटाच्या पेराएवढा तुकडा बसवला असते, तोच तिघाले वेगळं करते. जीपीओएन म्हणतात ते हेच.

एक गंमत सांगतो. गिऱ्हाइकाचा फोन येते, "टीव्हीवर चौकोन येऊन राहिले, नेट मात्र चांगलं आहे." आम्ही मशीन घेऊन नाही जात, पहिले खिडकी पाहतो. सुताराने ड्रॉप वायर चौकटीत दाबली असते नाहीतर कूलर ठेवताना मुडपली असते. वाकलेल्या फायबरमधून लांब तरंगलांबी आधी गळते. १५५० गळते, १३१० ले फारसं काही होत नाही. वायर सरळ केली की टीव्ही चालू. त्या दिवशी चहा पक्का.

अन् एक महत्त्वाचं. कोणत्याबी कनेक्टरमध्ये डोळा लावून पाहू नका बाप्पा. हा उजेड दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातबी दिसत नाही, कॅमेऱ्याची सिलिकॉन चिप ११०० च्या पुढचं पकडतच नाही. आमच्या कंट्रोल रूममध्ये १५५० चा ईडीएफए, म्हणजे उजेडाचा जोर वाढवणारा डबा, आहे. तो चालू असताना पिगटेल, म्हणजे फायबरचं मोकळं टोक, उघडी ठेवलेली दिसली तर पोराच्या पाठीत धपाटाच देतो मी.

अनुस्वार | मंगळवार, सकाळी ७:५०

वाचतेय. पुण्याची असूनही कळलं, हे विशेष.

एक बाळबोध प्रश्न. आठ लेझरची दगदग करण्यापेक्षा १०जी काढून १००जीचं एकच मॉड्यूल का लावू नये? एकच लिंक, एकच डोकेदुखी.

पिगटेल | मंगळवार, सकाळी ९:१५

अनुस्वारताई, बाळबोध काही नाही, हाच प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. गंमत अशी की १००जीच्या एलआर-४ (१० किलोमीटरवाल्या) किंवा ईआर-४ (४० किलोमीटरवाल्या) मॉड्यूलच्या आत स्वतःचे चार लेझर असतात. १२९५, १३००, १३०४ आणि १३०९ नॅनोमीटरच्या आसपास, प्रत्येकी २५जी, आणि मॉड्यूलच्या पोटातच बारीक मक्स. म्हणजे एकच लिंक घेतली तरी आत रंग चारच.

पण दादांच्या कामाला ते का नको ते सांगते. एक, १३१० च्या बाजूला किलोमीटरला ०.३५ डीबी धरा. ३४ किलोमीटरला फायबरचेच १२ डीबी गेले, वर जॉइंट आणि कनेक्टर. ईआर-४ त्यात कसाबसा बसेल, पण जुन्या केबलवर श्वास घ्यायला जागा उरणार नाही. दोन, दोन्हीकडचे स्विच बदलावे लागतील, आणि मॉड्यूलपेक्षा तेच महाग. तीन, दादांची खरी अडचण वेगाची कमी आणि सरमिसळीची जास्त दिसते. बॅकअप, कॅमेरे आणि ईआरपी (स्टोअरचं ते सॉफ्टवेअर) एकाच नळातून येतायत. प्रत्येकाला वेगळी तरंगलांबी दिली की कॅमेऱ्यांचा स्विच वेडा झाला तरी ईआरपीला झळ लागत नाही. मक्सला आतला डेटा काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. एका चॅनेलवर १०जी इथरनेट, शेजारी १जी, त्याच्या शेजारी स्टोरेजचा फायबर चॅनेल, सगळं सोबत जातं.

आता उन्हाचं. खरी गोम तिथेच आहे, म्हणून जरा लांबण लावते.

लेझरची तरंगलांबी तापमानासोबत सरकते. आपण वापरतो त्या डीएफबी जातीच्या लेझरमध्ये साधारण एका अंशाला ०.१ नॅनोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण डीडब्ल्यूडीएममध्ये, म्हणजे चॅनेल दाटीवाटीने बसवायच्या पद्धतीत, १०० गिगाहर्ट्झच्या अंतराने चॅनेल बसवलेले असतात, म्हणजे १५५० च्या भागात दोन चॅनेलमध्ये फक्त ०.८ नॅनोमीटर. आठ अंश चढले की लेझर सरळ शेजाऱ्याच्या घरात. आपल्याकडे मे महिन्यात पहाटे ३० आणि दुपारी ४६, बंद कॅबिनेटमध्ये त्याच्याही वर. म्हणून डीडब्ल्यूडीएमच्या मॉड्यूलमध्ये लेझरच्या बुडाशी चिमुकला पेल्टिए कूलर असतो, तो त्याला एकाच तापमानावर धरून ठेवतो. तो कूलर वीज खातो, मॉड्यूल आणखी तापतं, स्विचचा पंखा आणखी ओरडतो, आणि किंमत वाढते ती वेगळीच.

सीडब्ल्यूडीएमवाल्यांनी, म्हणजे चॅनेल ऐसपैस ठेवणाऱ्यांनी, भानगडच ठेवली नाही. चॅनेल २० नॅनोमीटर अंतरावर, १२७१ पासून १६११ पर्यंत एकूण १८. फिल्टरचा दरवाजा साधारण १३ नॅनोमीटर रुंद. मॉड्यूल शून्यापासून ७० अंशांपर्यंत गेलं तरी लेझर ७ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे दरवाज्याच्या आतच राहतो. कूलर नाही, भानगड नाही. आमच्या इकडे रस्त्याच्या कडेच्या कॅबिनेटमध्ये सीडब्ल्यूडीएम वर्षानुवर्षं चालतंय.

तेव्हा दादा, आठ लिंक पुरणार असतील तर सीडब्ल्यूडीएमच. फक्त मॉड्यूल मागवताना "इंडस्ट्रियल", म्हणजे उणे ४० ते ८५ अंशांचे मागा. साध्याला ७० ची मर्यादा आहे आणि ती खोलीची नाही, मॉड्यूलच्या अंगाची. खोली ४८ वर गेली की स्विचच्या आत ७० गाठायला वेळ लागत नाही. इंडस्ट्रियलमध्ये लेझर जास्त सरकणार, म्हणून टोकाच्या तापमानालाही तरंगलांबी चॅनेलच्या पट्ट्यात राहते असं डेटाशीटमध्ये छापलेलं बघून घ्या. आणि पत्र्यावर निदान पांढरा रंग तरी मारा.

सक्करदरा_केबल | मंगळवार, सकाळी ९:४०

पिगटेलताई, +१. पत्र्याचं तर +१००.

व्हीएनआयटी_हॉस्टेल | मंगळवार, दुपारी १:३०

निवृत्त काका, थोडी काडी टाकतो, रागवू नका. काच मिसळवत नाही हे कमी पॉवरलाच खरं. फायबरमध्ये प्रकाश चालतो तो आतला गाभा (त्यालाही कोअरच म्हणतात) ९ मायक्रॉनच्या आसपास. एवढ्या बारीक जागेत अनेक चॅनेल दणकून पॉवरने घातले की काचेचा अपवर्तनांकच प्रकाशाच्या तीव्रतेनुसार किंचित बदलायला लागतो. मग तीन चॅनेल मिळून चौथ्याच वारंवारतेवर भूत तयार करतात. चॅनेल समान अंतरावर असले तर ते भूत नेमकं चौथ्या चॅनेलच्या डोक्यावर बसतं. याला फोर-वेव्ह मिक्सिंग म्हणतात.

यातला किस्सा भारी आहे. साध्या फायबरमध्ये १५५० ला डिस्पर्शन असतं, म्हणजे वेगळ्या तरंगलांबी थोड्या वेगळ्या गतीने धावतात आणि पल्स पसरतो. तो पसरू नये म्हणून १५५० लाच डिस्पर्शन शून्य असलेलं फायबर बनवलं, जी.६५३. जपानने ते भरपूर अंथरलं. एकाच लेझरसाठी सुरेख. नंतर डब्ल्यूडीएम, म्हणजे एका फायबरात अनेक तरंगलांबी, आलं आणि कळलं की डिस्पर्शन शून्य असलं की सगळे चॅनेल पावलाला पाऊल लावून चालतात, आणि हे भूत मजेत वाढतं. थोडं डिस्पर्शन असलं की चॅनेल एकमेकांच्या मागेपुढे होतात आणि मिसळण जमतच नाही. मग मुद्दाम थोडं डिस्पर्शन ठेवलेलं जी.६५५ काढावं लागलं.

निवृत्त_ट्रान्समिशन | मंगळवार, दुपारी ३:१०

रागवायचं काय त्यात, बरोबरच आहे. मी बुटीबोरीपुरतं बोलत होतो. २० नॅनोमीटर अंतर, आठ चॅनेल, प्रत्येकी एक-दोन मिलिवॉट, एवढ्यात भूतबित काही उठत नाही. लांब पल्ल्याच्या लाइनवर मात्र सगळा संसार त्याच भीतीत चालतो. पॉवर वाढवली तर मिसळण, कमी केली तर गोंगाटात बुडणं.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ८:२०

लांब पल्ला म्हणजे किती हो? नागपूर-मुंबई या मापाने कसं जमतं? समृद्धीच्या कडेनेही फायबर आहे असं ऐकलं होतं.

निवृत्त_ट्रान्समिशन | मंगळवार, रात्री ९:३०

समृद्धी ७०१ किलोमीटर. त्या अंतराला किलोमीटरमागे ०.२ डीबी धरले तर १४० डीबी, म्हणजे टाकलेल्या प्रकाशाचा एकावर चौदा शून्यं एवढ्या संख्येने भागलेला हिस्सा पलीकडे पोचणार. म्हणजे काहीच नाही. त्यामुळे साधारण दर ८० किलोमीटरला प्रकाशाला उभारी द्यावी लागते. नागपूर-मुंबईत अशा आठ जागा आल्या.

आमच्या उमेदवारीच्या काळात अशा जागी रीजनरेटर असायचा. प्रकाशाची वीज करायची, पल्स कोरून काढायचा, पुन्हा लेझर पेटवायचा. १९८८ मध्ये अटलांटिकखालून गेलेली पहिली फायबर केबल टॅट-८ याच पद्धतीची. आता विचार करा, आठ तरंगलांबी घातल्या तर प्रत्येक जागी आठ रीजनरेटर. चाळीस घातल्या तर चाळीस. कोण घालणार पैसे? म्हणून एकापेक्षा जास्त रंग पाठवता येतात हे माहीत असूनही कित्येक वर्षं ते लांब पल्ल्यावर परवडत नव्हतं.

कोंडी फोडली अर्बियमने. १९८७ च्या सुमारास साउदॅम्प्टनला डेव्हिड पेन यांच्या गटाने आणि बेल लॅब्जमध्ये एमान्युएल देसुर्व्हिर यांनी अर्बियम मिसळलेल्या फायबरचा प्रवर्धक करून दाखवला. काही मीटर खास फायबर, त्यात ९८० किंवा १४८० नॅनोमीटरचा पंप लेझर सोडायचा, की अर्बियमचे अणू भारले जातात. १५३० ते १५६५ च्या पट्ट्यातला सिग्नल जवळून गेला की ते तशाच प्रकाशाची भर घालतात. सगळ्या चॅनेलना एकदम, वीज-बीज न करता, आतला वेग कितीही असो. सक्करदऱ्याच्या भाऊंच्या कंट्रोल रूममधला डबा हाच. १९९६ मध्ये अमेरिकेत सिएना कंपनीने १६ चॅनेलची यंत्रणा बाजारात आणली, १६ गुणिले २.५जी. त्यानंतर चाळीस, ऐंशी, शहाण्णव असे आकडे चढतच गेले.

आणि नागपूरकरांसाठी खास. अर्बियमने भागत नाही तिथे रमण प्रवर्धक लावतात. त्यात वेगळं फायबरही लागत नाही. १४५० च्या आसपासचा जोरदार पंप लाइनमध्ये उलट बाजूने सोडला की जमिनीत पुरलेली काचच १५५० च्या सिग्नलला बळ देते. काचेच्या कंपनांमुळे पंपाची ऊर्जा साधारण १३ टेराहर्ट्झ खाली उतरते, आणि १५५० तिथेच येतं. ज्यांच्या १९२८ च्या शोधावर हे उभं आहे ते चंद्रशेखर वेंकट रमण १९१० च्या सुमारास वित्त खात्याच्या नोकरीत आपल्या नागपुरात होते. वर्षभराच्या आत बदली होऊन कलकत्त्याला गेले. गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रात शाळेची सहल गेली नाही असा नागपूरकर विरळा. पण त्यांचं नाव रोज आपल्या इंटरनेटला धक्का देतं, हे तिथून बाहेर पडणाऱ्या किती पोरांना माहीत असेल, शंकाच आहे.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ९:५०

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). हा प्रतिसाद स्वतंत्र लेख व्हायला हवा.

व्हीएनआयटी_हॉस्टेल | मंगळवार, रात्री ११:४५

अवांतर : जपानच्या एनआयसीटी या संशोधन संस्थेच्या गटाने २०२४ मध्ये साध्याच प्रकारच्या ५० किलोमीटर फायबरमधून सेकंदाला ४०२ टेराबिट पाठवले. दीड हजारावर चॅनेल, नेहमीच्या सी आणि एल या तरंगलांबीच्या पट्ट्यांच्या बाहेरचेही वापरून. प्रयोगशाळेतलं आहे, बुटीबोरीला येईपर्यंत माझं लग्न होईल.

सक्करदरा_केबल | बुधवार, सकाळी ८:०५

पहिले सेमिस्टर पास हो.

बुटीबोरीकर | शनिवार, सायंकाळी ६:१०

सगळ्यांचे आभार, एवढं कुणी पैसे देऊनही सांगत नाही. पिगटेलताईंनी जुन्या केबलची शंका काढली म्हणून फायबरवाल्याकडून दोन्ही कोअरची मोजणी करून घेतली. १५५० ला एक कोअर ९.१ डीबी, दुसरा ९.८. ओटीडीआरच्या, म्हणजे फायबरच्या लांबीभर लॉस दाखवणाऱ्या यंत्राच्या, आलेखात एका जॉइंटवर मोठी पायरी दिसली, तो त्यांनी पुन्हा स्प्लाइस करून, म्हणजे काच वितळवून जोडून, दिला. केबल बरीच जुनी आहे. वेगवेगळ्या तरंगलांबीला मोजलं तर १३८० च्या आसपास लॉस एकदम वर जातो. मशीन बिघडलंय की फायबर?

पिगटेल | शनिवार, रात्री ८:३०

मशीन ठीक आहे. तो पाण्याचा उंचवटा. जुनं फायबर बनवताना काचेत हायड्रॉक्सिलचे अंश राहून जायचे, ते १३८३ नॅनोमीटरला प्रकाश खातात. नव्या जी.६५२डी जातीच्या फायबरमध्ये तो काढून टाकलेला असतो. तुमचं काही बिघडत नाही, वरचे आठच घ्या, १४७१ ते १६११. विक्रेता १८ चॅनेलचा मक्स गळ्यात मारायला लागला तर हाच आलेख दाखवा.

हिशोब करू. वाईट कोअर ९.८. दोन्ही टोकांच्या मक्स-डीमक्सचे मिळून ५ धरा. पॅच कॉर्ड (जोडणीची छोटी वायर) आणि कनेक्टरचा १. झाले जवळपास १६. तुमच्याकडच्या ४० किलोमीटरवाल्या वर्गाच्या मॉड्यूलमध्ये १४-१५ डीबीचीच ताकद असते, ते इथे तोंडावर आपटतील. किलोमीटर बघून मॉड्यूल घेणारे इथेच फसतात, मक्सचा लॉस कुणी मोजतच नाही. ८० किलोमीटरवाले घ्या, २३ डीबीच्या आसपास मिळतात. सातेक डीबी गंगाजळी राहील, पुढे केबल तुटून चार जॉइंट वाढले तरी चिंता नको. डिस्पर्शन ३४ किलोमीटर गुणिले १७, म्हणजे १५५० ला नॅनोमीटरमागे ६०० पिकोसेकंदाच्या आत, १६११ ला त्याहून थोडं जास्त. ८० वाल्यांना ते किरकोळ.

पण ताकीद. ८० वाल्याचा रिसीव्हर नाजूक असतो. टेबलावर एक मीटरच्या पॅच कॉर्डने दोन मॉड्यूल समोरासमोर जोडून "चालतंय का बघू" करू नका. रिसीव्हर जळेल आणि वॉरंटीत कुणी घेणार नाही. मध्ये १५ डीबीचा ॲटेन्युएटर (प्रकाश मुद्दाम कमी करणारा तुकडा) लावा.

दुसरं, आत्ता चालू असलेलं १५५० चं मॉड्यूल मक्सच्या १५५१ च्या भोकात चालेल असं गृहीत धरू नका. साध्या १५५० वाल्याला १५३० ते १५६५ मध्ये कुठेही असायची मुभा असते. फिल्टरच्या पट्ट्यात पडलं तर नशीब.

निवृत्त_ट्रान्समिशन | शनिवार, रात्री ९:१५

हिशोब चोख. माझी काळजी वेगळी. दोन्ही कोअर एकाच केबलमध्ये, एकाच खड्ड्यात. आज तुटली तर एक लिंक जाते, उद्या आठ जातील. वर्धा रोडला वर्षभर कुणी ना कुणी जेसीबी घेऊन उभाच असतो. आठपैकी निदान ईआरपीसाठी दुसऱ्या वाटेने काहीतरी ठेवा, मग साधं ब्रॉडबँड किंवा छतावरची रेडिओ लिंक का असेना.

बुटीबोरीकर | शनिवार, रात्री १०:००

ब्रॉडबँड दुसऱ्या बाजूने येतं, ईआरपी त्यावर पडेल अशी सोय करून घेतो. सध्या आठपैकी चारच चॅनेल घेतोय : ईआरपी, बॅकअप, कॅमेरे आणि एक मोकळा. मोबाइलवर आलेल्या फोटोत मॉड्यूलच्या कड्या रंगीबेरंगी दिसतायत, त्याचा काही अर्थ असतो का? आणि स्पेअर किती ठेवू?

पिगटेल | रविवार, सकाळी १०:२०

असतो. १४७१ करडा, १४९१ जांभळा, १५११ निळा, १५३१ हिरवा, १५५१ पिवळा, १५७१ नारिंगी, १५९१ लाल, १६११ तपकिरी. बहुतेक कंपन्या हेच पाळतात. प्रकाशाला असा काही रंग नसतो, तो दिसतच नाही. कडी रंगवलीय ती रात्री दोन वाजता झोपेत असलेल्या माणसाला कुठलं मॉड्यूल कुठे घालायचं ते कळावं म्हणून. मक्सच्या भोकाशीही त्याच रंगाची चिकटपट्टी लावा.

स्पेअर हे सीडब्ल्यूडीएमचं दुखणं. निळा मेला तर हिरवा चालत नाही. प्रत्येक रंगाचा एक असे चार ठेवा, आणि ते बर्डीला ठेवा, पत्र्याखाली नको.

सक्करदरा_केबल | रविवार, सकाळी १०:५०

अन् कनेक्टर पुसायचं पेन घ्या, दोन्हीकडे एक-एक. मक्स बदलून पाहतात, मॉड्यूल बदलून पाहतात, कनेक्टर कोणी पुसत नाही. हिरवा कनेक्टर निळ्यात घुसवू नका, हिरव्याचं तोंड आठ अंश तिरपं घासलं असते, बसल्यासारखा वाटते पण बसत नाही. लागलं तर आवाज द्या, बुटीबोरीले गुरुवारी येणंच आहे.